बिऱ्हाड पाठीवर घ्या, पण साहेबांना सांगून

प्रश्न : मी ३१ वर्षांचा आहे. एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करतो, गेली तीन वर्षं पूर्णवेळ घरूनच. आता असं ठरवलंय की घरूनच काम करायचं तर घर कुठेही असलं म्हणून काय बिघडलं? आठ महिन्यांत अकरा देश असा बेत आखलाय, एकेका ठिकाणी साधारण तीन आठवडे. सोबत तक्ता जोडलाय. काम नेहमीच्याच वेळेत करीन, एकही मीटिंग बुडवणार नाही. अडचण एकच. मॅनेजरना विचारलं तर ते नाहीच म्हणणार. मित्र म्हणतो, विचारतोस कशाला, व्हीपीएन लाव, म्हणजे तू घरीच आहेस असं दिसतं, कुणाला पत्ता लागत नाही, मी वर्षभर तेच करतोय. मैत्रीण म्हणते, तुझं कामही धड होणार नाही आणि फिरणंही. सांगावं की न सांगता निघावं? ता. क. दुसरा मॉनिटर बरोबर न्यावा का?

उत्तर : तुमचा तक्ता मी दोनदा पाहिला. शहर, तारखा, इंटरनेटचा वेग, घड्याळातला फरक, राहण्याचा खर्च, असे सगळे रकाने आहेत आणि रंगही छान दिलेत. व्हिसाचा रकाना मात्र नाही. ‘ऑफिसला काय सांगितलं’ हाही नाही. हे दोन रकाने रिकामे राहिलेले नाहीत, ते आखलेलेच नाहीत, आणि तुमच्या प्रश्नाची मेख तिथेच आहे.

मी स्वतः हा उद्योग केलेला आहे, तेव्हा आधी माझं ऐका. काही वर्षांपूर्वी संपादनाची एक नोकरी मी घरून करत होते. चार महिने समुद्रकाठच्या एका गावात, दुसऱ्या देशात, जाऊन राहिले. ऑफिसला सांगितलं नाही. तुमच्यासारखंच वाटलं होतं, विचारलं तर नाही म्हणतील. कामात कसूर नव्हती. पण माझा दिवस कसा जायचा ते सांगते. सकाळी उठल्यावर आधी घरच्या गावचं हवामान बघायचं, म्हणजे मीटिंगच्या सुरुवातीला कुणी पावसाचा विषय काढला तर उत्तर तयार हवं. छपरावर सीगल पक्षी ओरडायचे, म्हणून भर उकाड्यात खिडक्या बंद. माझ्याकडे दुपार आणि ऑफिसच्या लेखी माझ्याकडे रात्र, म्हणून चार वाजता जाड पडदे ओढून टेबललँप लावून बसायचं. समुद्र खिडकीबाहेर पन्नास पावलांवर, आणि मी त्याच्याकडे पाठ करून अंधाऱ्या खोलीत! एकदा एका सहकाऱ्यानं सहज विचारलं, “तुमच्याकडे पक्षी फार झालेत का हो?” त्या दिवशी मला रात्री झोप आली नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

मग तिसऱ्या महिन्यात लॅपटॉपची बॅटरी फुगली. टचपॅड वर उचललं गेलं, झाकण बंद होईना. ऑफिसातला तांत्रिक विभागाचा मुलगा इतका तत्पर की म्हणाला, “पत्ता तोच ना? उद्या नवीन पोचवतो.” पोचवलाही. माझ्या कुलूपबंद घराच्या शेजारणीकडे. मी आजारी असल्याचं कळवून चार दिवस रजा टाकली, ऐनवेळचं महागडं तिकीट काढलं आणि परत आले. एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं.

लक्षात घ्या, मी पकडली गेले नाही. आजतागायत त्या ऑफिसात कुणाला हे माहीत नाही. तरीही मी तुम्हाला सांगतेय की न सांगता जाऊ नका. तुमचा मित्र म्हणतो, पत्ता लागत नाही. कदाचित नाही लागणार. पण लपवणं हे स्वतःच एक पूर्णवेळ काम आहे, आणि ते तुमच्या टेस्टिंगच्या वर येऊन बसेल. तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं खरं ठरेल ते प्रवासामुळे नाही, या दुसऱ्या नोकरीमुळे.

आता व्हीपीएनबद्दल, कारण मित्राच्या बोलण्याचा तुमच्यावर परिणाम झालेला दिसतो. व्हीपीएन तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर तुमचं ठिकाण सुचवणारा क्रमांक, दुसरीकडचा दाखवतं. बस, एवढंच. लॅपटॉप कंपनीचा असेल तर त्यावर कंपनीचं व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर असतं, आणि त्याला आजूबाजूच्या वायफायच्या नावांवरूनही ठिकाणाचा अंदाज येऊ शकतो. लॉगिनला मंजुरी देणारं ॲप तुमच्या फोनवर असतं, आणि फोन त्या व्हीपीएनमध्ये नसतो. एकदा व्हीपीएन तुटलं आणि लॅपटॉप आपणहून थेट जोडला गेला की सकाळी एका खंडातून लॉगिन आणि तासाभरानं दुसऱ्या खंडातून, अशी नोंद होते. ही नोंद पकडणारी सूचना मोठ्या कंपन्यांच्या सुरक्षाप्रणालीत तयारच असते, तिला ‘इम्पॉसिबल ट्रॅव्हल’ असंच नाव आहे. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

शिवाय एक भौतिकशास्त्राचा भाग आहे, त्याला कुणाचा इलाज नाही. इंटरनेटचा संदेश वाहून नेणारा प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १०,००० किलोमीटर जाऊन परत यायलाच किमान १०० मिलिसेकंद. तुम्ही व्हीपीएननं घरच्या गावातल्या सर्व्हरमधून सगळी वाहतूक फिरवणार, तर शेजारच्या शहरातल्या माणसाशी बोलतानाही आवाज अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून येणार. दोघं एकदम बोलायला लागतात, मग दोघं एकदम थांबतात, मग ‘तू बोल, तू बोल’. रोज असं झालं की लोकांना संशय नाही आला तरी कंटाळा येतोच.

पण यापेक्षा मोठी गोष्ट व्हिसाची आहे. तुम्ही गृहीत धरलंय की पर्यटक म्हणून जायचं आणि खोलीत बसून काम करायचं, त्यात कुणाचं काय गेलं? देशोदेशी याचं उत्तर वेगळं आहे. ब्रिटननं ३१ जानेवारी २०२४ पासून पाहुण्यांना परदेशातल्या नोकरीचं काम ऑनलाइन करायची मुभा दिली, पण येण्याचा मुख्य हेतू ते काम नसावा, अशी अट घालून. न्यूझीलंडनं २०२५ च्या जानेवारीत तसाच बदल केला. बऱ्याच देशांचे नियम मात्र पर्यटकाला सरसकट ‘काम करू नये’ एवढंच सांगतात, आणि लॅपटॉपवरचं काम त्यात धरायचं की नाही, हे शेवटी विमानतळावर समोर बसलेला अधिकारी ठरवतो. त्यानं विचारलं, “तीन आठवडे काय करणार?” तर तुम्ही काय सांगणार ते आधी ठरवा. तिथे खोटं बोलणं ही ऑफिसात खोटं बोलण्यापेक्षा फार वेगळ्या दर्जाची गोष्ट आहे.

आणि युरोपचे पाच देश तुम्ही पाठोपाठ लावलेत, त्यात एक सरळ हिशेबाची चूक आहे. शेंगेन करारातले, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी न ठेवणारे, युरोपातले २९ देश मुक्कामाचे दिवस मोजताना एकच धरले जातात. अल्प मुदतीच्या मुक्कामाला कोणत्याही १८० दिवसांत एकूण ९० दिवस, असा नियम आहे. पाच देश गुणिले तीन आठवडे म्हणजे १०५ दिवस. देश बदलला म्हणून घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. पाचव्या देशात तुम्ही पंधरा दिवस बेकायदा राहत असाल.

यावर उपाय म्हणून ‘डिजिटल नोमॅड व्हिसा’ नावाचा, परदेशात राहून ऑनलाइन काम करणाऱ्यांसाठीचा प्रकार आलाय, तो तुम्ही ऐकला असेलच. बार्बाडोसनं २०२० च्या जुलैत बारा महिन्यांचा परवाना काढला, पाठोपाठ ऑगस्टमध्ये एस्टोनियानं वर्षभराचा व्हिसा आणला. मग रांगच लागली: क्रोएशिया, पोर्तुगाल, स्पेन, मलेशिया. थायलंडचा २०२४ चा व्हिसा पाच वर्षं चालतो, एका वेळी १८० दिवस राहता येतं, पण बँकेत ५ लाख बात (तिथलं चलन) दाखवावे लागतात. जपानचाही २०२४ चाच, फक्त सहा महिन्यांचा, त्याला वर्षाचं उत्पन्न १ कोटी येन हवं आणि तो ठरावीक देशांच्याच नागरिकांना मिळतो. आकडे बदलत राहतात, अर्ज करताना त्या त्या दूतावासाच्या पानावर पाहा. मला तुमच्या नजरेस आणायचंय ते वेगळंच. यातल्या बहुतेक व्हिसांना नोकरदार माणसाकडून नोकरीचा पुरावा लागतो. स्पेनला तर कंपनी किमान एक वर्ष चालू असल्याचा, तुम्ही तिथे किमान तीन महिने काम करत असल्याचा पुरावा आणि दुसऱ्या देशातून काम करायला कंपनीची हरकत नसल्याचं पत्र लागतं.

म्हणजे कायदेशीर वाट धरायची तर साहेबांच्या सहीशिवाय ती सुरूच होत नाही. ‘सांगावं की नाही’ हा प्रश्न मग उरतो कुठे?

साहेब नाही का म्हणतील, तेही समजून घ्या, म्हणजे विचारायचं कसं ते कळेल. तुम्हाला वाटतं, त्यांना तुमच्यावर भरवसा नाही. बहुधा तसं नसतं. तुम्ही परक्या देशात बसून काम केलंत की तिथलं कर खातं विचारू शकतं, हा पगार इथे कमावला, मग कर कुठे? ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेनं दोन देशांमधल्या करारांसाठी आखलेल्या नमुना करकराराप्रमाणे, बारा महिन्यांत १८३ दिवसांपेक्षा जास्त न राहिलेल्या नोकरदाराचा पगार त्याच्या स्वतःच्या देशातच करपात्र राहतो. लोक एवढंच वाचतात आणि १८३ हा आकडा पाठ करून बसतात. पुढची अट वाचत नाहीत: पगार देणारी कंपनी त्या देशातली नसावी आणि त्या देशातल्या तिच्या शाखेवरही पगाराचा भार नसावा. तुमच्या कंपनीची त्या देशात शाखा असेल आणि पगार तिच्या खात्यातून गेला, तर पहिल्या दिवसापासून सूट जाते. कंपनीची आणखी एक भीती असते. तुमच्या तिथे बसण्यामुळे कंपनीचंच त्या देशात ‘ठाणं’, म्हणजे धंद्याचं कायमचं ठिकाण, झालं, असं कुणी ठरवलं तर तिच्या नफ्यावरही कर लागू शकतो. टेस्टिंग करणाऱ्या एका माणसामुळे तीन आठवड्यांत असं काही होईल, हे मला दूरचं वाटतं. पण ‘दूरचं’ हे ठरवायचा अधिकार त्यांच्या वित्त विभागाचा आहे, तुमचा-माझा नाही. त्याशिवाय सामाजिक सुरक्षेचे हप्ते, ग्राहकांचा डेटा देशाबाहेर उघडायचा की नाही याचे करार, तुम्ही कामाच्या वेळेत पडलात-झडलात तर विमा कुणाचा, हे सगळं आहेच.

एक उदाहरण सांगते. एअरबीएनबी ही प्रवासावरच पोट असलेली कंपनी. एप्रिल २०२२ मध्ये तिनं जाहीर केलं की कर्मचाऱ्यांनी कुठूनही काम करावं, १७० हून अधिक देशांत. केवढी वाहवा झाली! पण त्याच घोषणेत लिहिलं होतं की एका ठिकाणी वर्षाला जास्तीत जास्त ९० दिवस, आणि करासाठी कायमचा पत्ता प्रत्येकाला ठेवावाच लागेल. ज्यांचा धंदाच मुक्कामाचा, त्यांनासुद्धा दिवस मोजावे लागतात.

तर विचारा, पण ‘आठ महिने अकरा देश फिरू का’ असं विचारू नका. या प्रश्नाला मीही नाही म्हणेन. आधी नोकरीचा करार काढून कामाचं ठिकाण म्हणून काय लिहिलंय ते वाचा. मग मनुष्यबळ विभागाला विचारा की परदेशातून काही दिवस काम करायचं धोरण आहे का. बऱ्याच कंपन्यांत असं धोरण असतं, वर्षाला ठरावीक दिवसांचं, आणि ते कुठल्यातरी फोल्डरमध्ये धूळ खात पडलेलं असतं. त्यानंतर मॅनेजरना एक पान लिहून द्या: एक देश, सहा आठवडे, या तारखा, व्हिसा हा, रोज या वेळेत हजर, नेट गेलं तर दुसरी सोय ही, लॅपटॉप बिघडला तर पाठवायचा पत्ता हा. शेवटचं वाक्य माझ्या आठवणीसाठी म्हणून तरी लिहाच. मॅनेजरला वर जाऊन बोलायला कागद लागतो. तोंडी विनंती घेऊन कुणी वित्त विभागाकडे जात नाही.

तरीही नाही म्हणाले तर? तुमच्या मनात खरी भीती हीच आहे, की विचारलं आणि नकार आला तर गुपचूप जाण्याची वाटही बंद होईल. हो, होईल. विचारून नकार मिळाल्यावर गेलात तर तो सरळ आदेशभंग. पण मग तुमच्या हातात खरी निवड येते. स्वतःच्या देशात फिरत काम करा, त्याला व्हिसा लागत नाही आणि परवानगीही सहसा सहज मिळते. बिनपगारी दोन महिने रजा घेऊन नुसतं फिरा, लॅपटॉप घरी ठेवून (हा पर्याय लोक विसरतातच, का कोण जाणे). किंवा अशी नोकरी शोधा जिथे मुलाखतीतच हे बोलता येईल. पगार थोडा कमी मिळेल, पण पडदे उघडे ठेवता येतील.

आता धरून चालू की होकार आला. तुमचा बेत तरीही मोडावा लागेल. तीन आठवड्यांचा मुक्काम म्हणजे प्रत्यक्षात काय, ते मोजून दाखवते. पहिले चार-पाच दिवस नवं घर, सिम, किराणा, झोपेची वेळ यात जातात. शेवटचे चार दिवस पुढचं घर शोधणं, बांधाबांध, निघणं. मधे उरतात बारा दिवस, त्यातले आठ-नऊ कामाचे. म्हणजे एका देशाला तुमचे तीन मोकळे दिवस, आणि असं अकरा वेळा. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं. एका जागी किमान सहा आठवडे राहा. चार जागा पुरेत. जागा बदलायच्या दिवशी रजाच टाका. विमानतळावर बसून मीटिंग उरकू असं वाटतं, पण तिथलं वायफाय नेमकं त्याच वेळी लॉगिन पुन्हा मागतं.

जागा निवडताना एक युक्ती सांगते. तुमच्या ऑफिसपासून चार-पाच तास पूर्वेला जा, पश्चिमेला नको. पूर्वेला गेलात की ऑफिसचे सकाळचे नऊ म्हणजे तुमची दुपार. रात्री दहाला काम संपतं, पण अख्खी सकाळ तुमची, ताज्या डोक्यानं फिरायला. पश्चिमेला तेच नऊ पहाटे चारला वाजतात. संध्याकाळ मोकळी मिळते खरी, पण तुम्ही ती पेंगण्यात घालवता. आणि तक्त्यात घड्याळाचा फरक एका आकड्यानं लिहिलाय, तो वर्षभर तोच राहत नाही. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे फरक एक तासानं वेगळा असतो. जपानसारख्या देशात घड्याळ हलतच नाही. मी याच घोळात एका महत्त्वाच्या मीटिंगला तासभर आधी हजर होऊन रिकाम्या पडद्यासमोर बसले होते. उलट झालं असतं तर?

घर घेताना मालकाला इंटरनेटच्या वेगाचा फोटो सगळेच मागतात. तुम्ही खुर्चीचा मागा. खरंच. ‘कामासाठी टेबल आहे’ म्हणतात आणि स्वयंपाकघरातलं उंच स्टूल निघतं. सहा आठवडे त्यावर आठ-आठ तास बसलात तर पुढचे सहा आठवडे पाठ शेकत बसाल. वेगाचा फोटो मागायचाच तर रात्री आठनंतरचा मागा, सगळी इमारत नेटवर असते तेव्हाचा, आणि डाउनलोडऐवजी अपलोडचा आकडा बघा. तुमचा चेहरा-आवाज वर जातो तो अपलोडनं.

आणि एक गोष्ट, जी तुमच्या तक्त्यात शोधूनही सापडली नाही. फोन हरवला तर काय? तुमची बँक, ऑफिसचं लॉगिन, विमानाची तिकिटं, सगळ्यांचा ओटीपी त्या एका फोनवर येतो. तो गेला की नवं सिम काढायला बहुतेक वेळा घरच्याच देशात हजर व्हावं लागतं. निघण्याआधी एक दुपार काढा. महत्त्वाच्या खात्यांचे राखीव कोड छापून पाकिटापासून वेगळ्या जागी ठेवा, ऑथेंटिकेटर (लॉगिनचे कोड देणारं ॲप) दुसऱ्या जुन्या फोनवरही चालू करा, शक्य असेल तिथे एसएमएसचा ओटीपी बंद करून सुरक्षा-किल्ली (लॉगिनला ओळख पटवणारं छोटं उपकरण) लावा. मग जुन्या फोनवरून खरंच लॉगिन होतंय का ते घरीच करून बघा. परक्या गावात पोलिसांत तक्रार देताना हे शिकायची वेळ येऊ नये.

राहिला मॉनिटर. मोठा नेऊ नका. टेस्टिंगला दोन पडदे लागतात हे मान्य, पण एक किलोच्या आतले, यूएसबी-सी वायरवर चालणारे पंधरा-सोळा इंची पातळ पडदे मिळतात, ते लॅपटॉपच्याच कप्प्यात बसतात. टॅबलेट असेल तर आधी त्यालाच दुसरा पडदा करून आठवडाभर घरी काम करून पाहा, कदाचित विकत घ्यावाच लागणार नाही. कीबोर्ड आणि माऊस मात्र वेगळे घ्या, म्हणजे लॅपटॉप पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चढवून डोळ्यांच्या पातळीला आणता येतो. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, ती हातातल्या बॅगेतच लागते आणि साधारण १०० वॉट-अवरपर्यंतच विनापरवानगी चालते. पाठीवर छापलेला आकडा मिलिअँपिअर-अवरमध्ये (mAh) असेल तर २७,००० च्या आतली घ्या.